शुगर निघाली, आता पुढे काय?

"डॉक्टर, माझी शुगर निघाली." हे वाक्य ऐकू आले नाही असा दिवस आता दवाखान्यात उगवत नाही. कुणाची मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी निघते, कुणाची विम्याच्या तपासणीत, कुणाची गणेशोत्सवातल्या शिबिरात, तर कुणाची पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा तो आपल्याही घरात आला याचे नवल करण्यात अर्थ नाही.

नवल वाटते ते पुढे जे होते त्याचे. रुग्णाला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर एका गोळीचे नाव असते. "गोड बंद करा, फिरायला जा" एवढे सांगितले जाते. महिन्याने तीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून तीच गोळी आणली जाते. वर्षभरात चिठ्ठी घड्यांवर फाटते, मग गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा खिशात राहतो आणि त्यावर पुढची पाच-सहा वर्षे निघतात. एवढ्या काळात कुणी डोळ्याचा पडदा पाहिलेला नसतो, तळपायाला हात लावलेला नसतो, लघवी तपासलेली नसते. रुग्णाला मात्र मनोमन वाटत असते की आपले उपचार चालू आहेत.

माझ्या पाहण्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. अतिशय शिस्तीचे. चहात साखर नाही, सणालाही पुरणपोळी नाही, पहाटे चार किलोमीटर चालणे. सहा वर्षे एकच गोळी. चष्म्याचा नंबर तीनदा बदलून घेतला, पण बुबुळात थेंब घालून पडदा एकदाही तपासला नव्हता. एके दिवशी वर्तमानपत्र वाचताना उजव्या डोळ्यापुढे काळे जाळे आले, तो पडद्यावरचा रक्तस्राव होता. पथ्यात हा माणूस काडीचाही कमी पडला नव्हता. त्याला हे तपासून घ्यायचे असते एवढेच कुणी सांगितले नव्हते.

म्हणून आज पथ्याविषयी थोडे आणि तपासण्यांविषयी जास्त लिहिणार आहे. निदान झाल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत कोणत्या गोष्टी पदरात पडल्या पाहिजेत, आणि नसतील पडल्या तर त्या कशा मागून घ्यायच्या, एवढाच आजचा विषय.

सर्वांत आधी निदान पक्के करून घ्यावे. शिबिरात बोटाला सुई टोचून यंत्रावर जो आकडा दिसतो तो इशारा समजावा, निकाल समजू नये. प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्तात उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए-वन-सी ६.५ टक्के किंवा जास्त, यांपैकी काही आले तर मधुमेह म्हणतात. काहीच त्रास नसेल तर एका आकड्यावर शिक्का न मारता दुसऱ्या चाचणीने खात्री करावी. मात्र खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे असताना केव्हाही केलेली तपासणी २०० च्या वर असेल तर खात्रीसाठी वेळ घालवत बसू नये.

हे एचबीए-वन-सी नाव आता बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते, पण त्याचा अर्थ क्वचितच कुणाला ठाऊक असतो. रक्तातल्या तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला साखर चिकटते. या पेशी सुमारे चार महिने जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली ते या तपासणीतून कळते. तिला उपाशी राहावे लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तिला फसवता येत नाही! तपासणीच्या आधी दोन दिवस नुसत्या ताकावर राहून उपाशीपोटीची साखर चांगली आणणारे काही लोक असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांसारखे. एचबीए-वन-सीपुढे ही युक्ती चालत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो, लोहाच्या कमतरतेत तो खोटाच जास्त दिसतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये पांडुरोग किती आहे हे सांगायला नको. गडचिरोली, नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही तो भरवशाचा नसतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन पाहिलेले बरे.

"मला तर काहीच त्रास होत नाही, मग एवढी घाई कशाला?" असे विचारले जाते. उत्तरासाठी ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाकडे पाहू. १९७७ पासून तेथे ५,१०२ नव्या मधुमेहींना दाखल करून घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले, आणि १९९८ मध्ये मुख्य निष्कर्ष जाहीर झाले. निदान झाले त्याच दिवशी जवळजवळ निम्म्या लोकांत डोळे, नसा, रक्तवाहिन्या यांपैकी कशाला तरी झळ लागल्याची खूण होती. म्हणजे निदान होण्यापूर्वीच आजार काही वर्षे घरात मुक्कामाला असतो. याच अभ्यासात सुरुवातीपासून साखर नीट आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे-मूत्रपिंडांचे विकार कमी झाले. पुढे २००८ मध्ये असे दिसले की अभ्यास संपून दोन्ही गटांची साखर सारखीच झाल्यावरही पहिल्या गटाला तो फायदा दहा वर्षे मिळत राहिला. पहिल्या वर्षांची किंमत एवढी आहे.

आता एकेक तपासणी पाहू. डोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. चष्म्याचा नंबर काढणे वेगळे आणि पडदा पाहणे वेगळे. पडद्यासाठी डोळ्यात थेंब घालून बुबुळ मोठे करतात, काही ठिकाणी यंत्राने फोटो काढतात. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते, उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत माणूस न्यावा, स्वतः मोटरसायकल चालवत परत येऊ नये. चाळिशी-पन्नाशीत निघणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात ही तपासणी निदानानंतर लगेच, आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करायची. नजर चांगली आहे म्हणून टाळायची नाही. पडद्याचा आजार बराच वाढेपर्यंत नजर चांगलीच असते, आणि वेळेवर कळला तर लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने तो थोपवता येतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. साखर फार वाढलेली असताना आणि औषध सुरू होऊन ती उतरत असताना डोळ्यातले भिंग आपली जाडी बदलते, त्यामुळे नंबरही बदलत राहतो. नव्या मधुमेह्याने पहिल्या दीड-दोन महिन्यांत चष्मा करू नये. पैसे वाया जातात.

मूत्रपिंडांसाठी दोन तपासण्या लागतात. रक्तातील क्रिएटिनिन बहुतेक प्रयोगशाळा करतात, पण तेवढ्याने भागत नाही. मूत्रपिंडाला पहिली इजा होते तेव्हा क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित असते, लघवीतून मात्र अल्ब्युमिन नावाचे प्रथिन पाझरू लागलेले असते. म्हणून लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढतात. ते ३० च्या आत हवे. ताप किंवा लघवीत जंतुसंसर्ग असताना ते खोटेच वाढते, तेव्हा एकदा जास्त आले तर पुन्हा करून पाहावे. खरोखर वाढलेले असेल तर रॅमिप्रिल किंवा टेलमिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या मूत्रपिंडांना आधार देतात. सांध्यांसाठी मनानेच डायक्लोफेनॅक घेत असाल तर ते इथेच थांबवावे.

रक्तदाबाची गोष्ट ऐकताना साधी वाटते. पण ब्रिटनच्या त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब अधिक काटेकोर ठेवला त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेह्याला मारतो तो बहुधा हृदयविकार, निव्वळ साखर नव्हे. मापाचा पट्टा प्रत्येक दवाखान्यात टेबलावर असतो. दर भेटीला हात पुढे करावा. साधारण १३०/८० च्या आसपास राहावा असे सध्या मानतात, वृद्धांत थोडी सूट देतात. चरबीची तपासणीही एकदा करावी. वय चाळीसच्या पुढे असेल तर कोलेस्टेरॉल फार वाढलेले नसतानाही स्टॅटिन वर्गातली गोळी बहुतेकांना सुचवतात, ती पाहून "मला हृदयाचा आजार आहे का?" म्हणून घाबरायचे कारण नाही. आणि विडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू. यावर मी दर वर्षी स्वतंत्र लेख लिहितो, आज एवढेच सांगतो की मधुमेहाबरोबर तंबाखू म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंनी आवळणे आहे.

औषधाकडे वळू. बहुतेकांना पहिली गोळी मिळते ती मेटफॉर्मिन. जुनी, स्वस्त, विश्वासाची. ती जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घ्यायची आणि कमी मात्रेपासून हळूहळू वाढवायची. पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब होतात, बहुधा थांबतात. अनेकजण नेमके तेव्हाच "मला सोसली नाही" म्हणून गोळी कायमची सोडतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. सांगावे, मात्रा कमी करता येते, हळू विरघळणारी गोळी मिळते. या गोळीने मूत्रपिंडे खराब होतात ही आवई आहे. खराब होतात ती वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. फक्त ती आधीच बरीच अशक्त झालेली असतील तर ही गोळी कमी करतात किंवा थांबवतात, आणि क्रिएटिनिन पाहायचे हेही एक कारण. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, शाकाहारी माणसांत विशेष.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, डोळ्यापुढे अंधारी, असंबद्ध बोलणे, ही तिची लक्षणे. गोळी घेऊन शेतात गेलेला माणूस दुपारचा डबा चुकवतो आणि बांधावर कोसळतो. तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ पाण्यात कालवून लगेच द्यावा, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावा, मग जेवण द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये. थेट दवाखाना गाठावा. तुमच्या चिठ्ठीतली गोळी या जातीची आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे आणि घरच्यांनाही सांगून ठेवावे. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांना डापाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधे साखरेपलीकडेही उपयोगी पडतात. ती पूर्वी महाग होती, आता त्यांचे साधे पर्याय बाजारात आहेत. ती घेताना लघवीच्या जागेची स्वच्छता जपावी लागते, आणि उलट्या-जुलाब होत असतील किंवा पोटात अन्न नसेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवावी लागतात.

औषधाचे नाव कोणतेही असो, कसोटी एकच. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए-वन-सी करायचे. बहुतेकांसाठी ते ७ च्या आसपास हवे. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, साखर वारंवार खाली जाणाऱ्या माणसाला ८ सुद्धा चालते. समजा पहिल्यांदा ९ होते आणि तीन महिन्यांनीही ९ च आहे, तर गोळी बदलली किंवा वाढवली गेली पाहिजे. तोच आकडा आणि तीच चिठ्ठी असे दोनदा झाले तर समजावे की कुठेतरी हयगय होते आहे. ती माझ्या व्यवसायबंधूंकडून होते आहे की गोळ्या चुकवणाऱ्या रुग्णाकडून, याचा छडा दोघांनी मिळून लावावा. विड्या वळणाऱ्या एक बाई गोळी अर्धी करून घेत होत्या, म्हणजे महिन्याचे पाकीट दोन महिने जाई. विचारले की म्हणायच्या, "घेते की डॉक्टर, रोज घेते." खोटे नव्हते ते! नवऱ्याच्या गोळ्या मात्र त्याच घरात वेळेवर येत. घरातल्या बाईच्या तपासण्या दिवाळीनंतर, मुलीच्या बाळंतपणानंतर, सुगीनंतर अशा पुढे पुढे जातात, हे मी तीस वर्षे पाहतो आहे.

आता जरा गंभीर गोष्ट. प्रत्येक मधुमेह या चाकोरीतला नसतो. लहान मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागले, रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागले, महिनाभरात कपडे ढिले झाले, तर त्याच दिवशी साखर तपासावी. अशा मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. त्याला आजोबांची गोळी चालत नाही, इन्सुलिनच लागते आणि रोज लागते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, गुंगी अशी लक्षणे दिसली तर ती पोटाची साधी तक्रार समजून घरी ठेवू नये. काही तासांत जिवावर बेतते. अशा मुलांचे इन्सुलिन कुणा पुडीवाल्याच्या शब्दावर बंद करून त्यांचा जीव गेल्याच्या घटना घडतात. कारल्याची भाजी खा, मेथी खा, जांभळे खा, माझा काही विरोध नाही. त्यासाठी औषध सोडू नका, आणि इन्सुलिन तर एक दिवसही नाही.

मोठ्या माणसांतही काही जण वेगळे असतात. अंगाने सडपातळ आहे, वजन झपाट्याने घटते आहे, साखर ३०० च्या खाली येत नाही, अशांना सुरुवातीलाच इन्सुलिन लागू शकते. ते शेवटची पायरी असते हा समज काढून टाकावा. पुष्कळांचे ते काही आठवड्यांनी बंदही करता येते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन तऱ्हांच्या मिळतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चुकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, घरी फ्रिज नसेल तर, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. सांधेदुखीवर कागदी पुड्या घेणाऱ्यांची साखर वाढली असेल तर पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. पण पुड्या दीर्घकाळ चालू असतील तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असणाऱ्याने थुंकी तपासून घ्यावी, कारण मधुमेहात क्षयाला फावते. गरोदरपणी साखर निघाली तर त्याच आठवड्यात प्रसूतितज्ज्ञ गाठावा.

हे सारे कुणाकडे करायचे? मोठ्या शहरातला मधुमेहतज्ज्ञच पाहिजे असे बिलकूल नाही. नेहमीच्या मधुमेहाची पहिली काही वर्षे साधा एम. बी. बी. एस. डॉक्टर उत्तम सांभाळू शकतो, मात्र त्याने वर्षाची तपासणी केली पाहिजे. तज्ज्ञाकडे जायचे ते मूल किंवा गरोदर स्त्री असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, पायाला जखम असेल, दोन-तीन औषधे देऊनही सहा महिन्यांत आकडा हलत नसेल किंवा साखर वारंवार घसरत असेल तेव्हा. छातीत दुखत असेल तर मधुमेहाचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयाकडे पाहावे.

खर्चाची अडचण खरी आहे, पण लोकांना वाटते तेवढी वाट बंद नाही. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्यात तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी केंद्रात मोफत तपासायचा असतो, आणि ग्रामीण रुग्णालयांत त्यासाठी एनसीडी कक्ष आहेत. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तो याचाच भाग. त्यांना दारातून परत पाठवू नये. राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. औषध संपले आहे असे सांगितले गेले तर चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि जनऔषधी केंद्रात विचारावे. कंपनीच्या नावामागचे औषध तेच असते, किमतीत मात्र बराच फरक पडतो.

एक प्लॅस्टिकची फाइल करावी. पहिल्या पानावर तारीख, एचबीए-वन-सी, रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, लघवी, डोळे, पाय असे रकाने आखावेत. घरातले शाळकरी पोर हे हौसेने करते. भेटीला जाताना फाइल न्यावी, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या न्याव्यात, आयुर्वेदिक आणि पुड्यांसह. रिकामा रकाना बोट ठेवून दाखवावा आणि सरळ विचारावे, "डॉक्टर, हे राहिले आहे का?" गर्दीच्या दवाखान्यात माणशी चार-पाच मिनिटे मिळतात, ती "कसं वाटतंय?" "बरं वाटतंय" यात संपतात. विचारले म्हणून एखादा डॉक्टर चिडेलही. तरीही विचारावे. आणि शक्यतो रुग्णाने स्वतः बोलावे. मुलगा बोलतो, डॉक्टर मुलाशी बोलतात, आणि आबा भिंतीवरचे कॅलेंडर पाहत बसतात. मग घरी जाऊन गोळी सकाळी की रात्री हे कुणालाच आठवत नाही.

आहाराचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. मोठ्या शहरातून छापून आलेले तक्ते, ज्यांत ओट आणि ब्रोकोली असते, ते बाजूला ठेवा. आपली ज्वारीची भाकरी चांगली, शेंगाचटणी बेतानेच चांगली; पण ज्वारीला साखर नसते या समजुतीवर कुणी चार भाकऱ्या खाऊ लागला तर साखर वाढणारच. भाकरी एक-दीड, तिच्याबरोबर पालेभाजी, उसळ, वरण, ताक जास्त, हा क्रम. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेव्हा एकादशीच्या खिचडीला उपवास म्हणू नये. उपवास किंवा रोजे धरायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा आधी बदलून घ्याव्यात. वजन जास्त असेल आणि मधुमेह नवा असेल तर दहा-बारा किलो वजन उतरवल्याने काही जणांची साखर औषधाशिवायही आटोक्यात येते, असे ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. वजन परत वाढले की आजारही परततो, म्हणून डोळ्या-पायांच्या तपासण्या तेव्हाही चालू ठेवाव्या लागतात.

पाय मी मुद्दाम शेवटी ठेवले आहेत, कारण ते घरी तपासता येतात. दवाखान्यात नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना पाहतात. घरी इतके करा: रुग्णाने डोळे मिटून पाय लांब करावेत. घरच्या माणसाने बोटाच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, करंगळीला आणि मधल्या बोटाला एकेक करून एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये. रुग्णाने फक्त उजवा की डावा ते सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर नसा बधिर झाल्या आहेत असे धरून डॉक्टरांकडे जावे. ब्रिटनच्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही सोपी रीत बसवली आहे.

बधिर पायाचा घात असा की त्याला दुखत नाही. चपलेतला खडा दिवसभर टोचतो आणि संध्याकाळी रक्त पाहून कळते. गरम पाण्याच्या शेकाने फोड येतो, मोटरसायकलच्या नळकांड्याने भाजते, झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो आणि माणसाला जाग येत नाही. म्हणून रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे. पाणी गरम आहे का ते कोपराने पाहावे. कुरुपे ब्लेडने कापू नयेत. आत मऊ एम. सी. आर. रबर आणि मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी, आणि ती घरातही घालावी. जखम झाली, ती कितीही लहान आणि न दुखणारी असो, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. हळद-चुना लावून आठवडा काढलेले पाय पुढे बोटापासून घोट्यापर्यंत कापावे लागतात.

आपल्याकडे आषाढीला पंढरपूरची पायवारी असते, कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरपर्यंत लोक चालत जातात, त्यात अनवाणी चालणारे पुष्कळ असतात. मधुमेह असलेल्याने निघण्याआधी निदान पंधरा दिवस वरची स्पर्शाची तपासणी करून घ्यावी. ज्याला सहाही ठिकाणी स्पर्श कळतो त्याने सुती मोजे आणि वापरून सैल झालेले बूट घालून जावे, खिशात साखर ठेवावी, मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी तळवे पाहावेत. ज्याला कळत नाही त्याने अनवाणी चालण्याचा नवस बोललेला असला तरी एस. टी. ने जावे आणि मंदिरातल्या तापलेल्या फरशीवर मोजे काढू नयेत.